सत्तारची वही

"हे आपलं नाई," बाबा म्हणाले. "बदललेलं हाये."

त्यांनी पेन टोपण न लावताच वर्तमानपत्रावर ठेवलं आणि कूलरकडे तोंड फिरवलं. विषय संपला होता. मे महिना, अमरावती, राठीनगर, दुपारचे बारा, कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास, आणि हातात पेढ्यांचं ताट धरून उभा असलेला पंचावन्न वर्षांचा मराठीचा विभागप्रमुख, म्हणजे मी. बाबांचा शहाऐंशीवा वाढदिवस. त्यांच्या नजरेचा मधला भाग गेलेला आहे. समोरच्याचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही, असं ते सांगतात, आणि बऱ्याच लोकांच्या बाबतीत त्यात आपलं काही नुकसान झालेलं नाही असंही सांगतात. अशा माणसाने निळ्या मखमलीच्या डबीतून मी शाई भरून ठेवलेलं पेन काढलं, नळी अंगठ्याने दोनदा घासली, पेपराच्या कोऱ्या कडेला आपलं नाव लिहिलं, आणि पाच सेकंदांत निकाल दिला. निकालाचं मला काही वाटलं नाही. शब्दांचं वाटलं. हीच दोन वाक्यं, याच क्रमाने, याच सुरात मी छत्तीस वर्षांपूर्वी अकोल्याच्या घरात पहिल्यांदा ऐकली होती. तेव्हा त्यांच्यामागे तिसरं एक वाक्य होतं. ते आता येईल म्हणून मी ताट धरून उभा राहिलो. ते आलं नाही. बायको कौशल्या हसली आणि म्हणाली, घ्या, एवढं महागाचं आणलं तुम्ही अन म्हाताऱ्यानं एका मिनिटात नापास केलं. पुण्याहून मुलगा शिवम फोनच्या पडद्यावर होता. तो म्हणाला, पप्पा, रिटर्न टाका ना, सात दिवस असतात. आमच्या घरात कुठल्याही दुःखावर शिवमचं हेच औषध असतं. परत पाठवा.

सात दिवस. त्यातले पाच मी खुर्चीत बसून फोनवर व्हिडिओ पाहत घालवले. रेनहोल्ट कंपनीचं जर्मन पेन असली कसं ओळखावं, हे सांगणारे किती गाढव या पृथ्वीवर आहेत याची मला कल्पना नव्हती. एक पोरगा, नखं रंगवलेली, पेन नाकाजवळ धरून म्हणतो, मित्रांनो, फील बघा. फील. दुसरा पेन तराजूवर ठेवतो आणि ग्रॅममध्ये बोलतो, जणू हळद विकतो आहे. तिसरा सांगतो, क्लिपच्या आतल्या बाजूला आकडा असतो, तो भिंगाने पाहा. मी भिंग आणलं. आकडा होता. मग चौथा म्हणाला, आकडा तर नकलीवरही असतो. निबवरची अक्षरं तीक्ष्ण हवीत. तीक्ष्ण होती. किंवा नव्हती. भिंगातून सगळंच फुगलेलं आणि संशयास्पद दिसतं, माझा स्वतःचा अंगठाही. टोपणाचे आटे लोण्यासारखे फिरायला हवेत. फिरत होते, पण लोणी कोणाच्या घरचं? जिथून मी पेन मागवलं त्या पानावर खाली गिऱ्हाइकांचे प्रश्न होते. हे असली आहे का? एकाचं उत्तर: हो, मला तर असली वाटतं, अजून वापरलं नाही. दुसऱ्याचं: माहीत नाही, मी मिक्सर मागवला होता. आणि मी, पंचवीस वर्षं मुलांना संहितेची चिकित्सा शिकवणारा, त्या मिक्सरवाल्याचं उत्तर तीनदा वाचलं. त्याला निदान आपल्याला काय माहीत नाही हे माहीत होतं.

आता ते छत्तीस वर्षांपूर्वीचं. ते मी कधी कोणाला सांगितलेलं नाही, आणि सांगण्यासारखं त्यात फार नाही. बाबा अकोल्यात एका शाळेचे हेडमास्तर होते. इंगोले गुरुजी. रेनहोल्ट त्यांना एका म्हाताऱ्या शिक्षणाधिकाऱ्याने जाताना दिलं होतं. त्याचं निब लिहून लिहून एका बाजूने झिजलेलं होतं, त्यामुळे आडवी रेघ केसासारखी यायची आणि उभी रेघ जाड, आणि बाबांची सही म्हणजे शाळेतल्या मुलांना एखादं चित्र वाटायची. ते पेन गळायला लागलं म्हणून त्यांनी सत्तारकडे दिलं. अब्दुल सत्तार, टिळक रोडच्या आतल्या बोळात दुकान, पेनांचा डॉक्टर. अर्ध्या अकोल्याची पेनं त्याच्याकडे जायची. आणायला मी गेलो. एकोणीस वर्षांचा होतो, आणि वर्षभर कविता करत होतो म्हणजे सगळ्यांचा तिरस्कार करत होतो. पेन शर्टाच्या खिशात लावलं, बाबांसारखं, आणि सायकल हाणली. मोर्णेच्या पुलावर मी वाकलो, कशासाठी ते आठवत नाही, आणि पेन पडलं. टोपण एकीकडे, पेन निबवर. निब असं वळलं होतं जसं एखाद्याने जीभ बाहेर काढून वेडावलं असावं. मी ते नदीत टाकलं. विचार करून टाकलं नाही, पण टाकल्यावर विचार केला, आणि बाजारातल्या एका टपरीवरून हुबेहूब दिसणारी नक्कल घेतली, तिच्यावर रेनहोल्टमधलं एक अक्षर चुकलेलंही नव्हतं, आणि घरी जाऊन बाबांच्या हातात दिली. बाबांनी एक ओळ लिहिली. हे आपलं नाही, म्हणाले. बदललेलं आहे. आणि मग ते तिसरं वाक्य: "सत्तारनं बदललं."

मी काही बोललो नाही. तेवढंच मी केलं. लोक खोटं बोलतात, मी खोटं बोललो नाही, मी पाटावर बसून वरणभात खाल्ला.

(पण हे पूर्ण नाही. पूर्ण करतो. नंतर आठ-पंधरा दिवसांनी कॉलेजात कोणीतरी विचारलं, बे, पेन दुरुस्तीला कोणाकडे देऊ. आणि मी म्हटलं, सत्तारकडे नको देऊ, असली निब काढून घेते तो. कोणी विचारलं नसतं तर मी म्हटलं नसतं. पण विचारलं. मग अजून एकाला मी न विचारताच सांगितलं. ते वाक्य म्हणायला बरं वाटायचं. प्रत्येक वेळी म्हटलं की ते थोडं अधिक खरं व्हायचं, आणि मी थोडा अधिक सुटायचो.)

बाबा ते टपरीवरचं पेन पुढे तीस वर्षं वापरत राहिले. नवं घ्या म्हटलं तर घेत नसत. दर काही महिन्यांनी, जेवताना, पाहुण्यांसमोर नव्हे, फक्त मी असताना, ते पेन हातात घेऊन म्हणायचे, "हे आपलं नाई. सत्तारनं बदललं." आणि माझ्याकडे पाहायचे. मला त्यांची कीव यायची. एक माणूस एका पेनाला एवढा चिकटून बसतो. मी अमरावतीला नोकरीला आलो, प्रमाण मराठी बोलायला शिकलो, जी ऐकून बाबा अजून म्हणतात, तू बोलतं का बातम्या देतं. निवृत्तीनंतर त्यांना इकडे आणलं. डोळे गेल्यावर त्यांनी ते पेन एका डब्यात ठेवलं आणि ते वाक्य बंद झालं. मला वाटलं, संपलं. आणि या मे महिन्यात मला काय अवदसा आठवली की मी त्यांना खरं रेनहोल्ट आणून द्यावं? जुनं, न वापरलेलं, पेटीसकट. मी स्वतःला सांगितलं, वडिलांचा आनंद. वडिलांचा आनंद! छत्तीस वर्षांची एक लहानशी घाण गुपचूप पुसून काढायची होती, तीही घरपोच.

सहाव्या दिवशी सकाळी बाबा म्हणाले, "असं भिंग लावून काय पाह्यतं रे? सत्तारले दाखव. थो सांगन."

"कोणता सत्तार?" मी म्हटलं. असं म्हणणारा माणूस किती हलका असतो.

"किती सत्तार वळखतं तू? अकोल्याचा. जिता हाये. जाय."

बडनेऱ्याहून गाडी पकडली. डब्यात समोर एक बाई गिलावडा खात होती आणि फोनवर कोणाला तरी सांगत होती की माणसं आता पहिल्यासारखी राहिली नाहीत, दह्याचं पाणी मनगटावरून ओघळत होतं. मूर्तिजापूरला एक माणूस चढला, त्याने माझ्या बाजूला टेकून झोप काढली. मला कोणाचाच स्पर्श सहन होत नाही, उन्हाळ्यात तर मुळीच नाही. मी ठरवत होतो. नाव सांगायचं नाही. सत्तार ऐंशीच्या आसपास असणार, ओळखणार नाही, मी टक्कल पडलेला एक गिऱ्हाईक. पेन दाखवायचं, असली की नकली ऐकायचं, निघायचं. आणि एक गोष्ट पक्की: तो लिहून पाहायला वही देतो, हे मला आठवत होतं. सत्तारची ती पद्धतच होती, पेन हातात दिलं की पुढे दोनशे पानी वही सरकवायची, लिव. पेन लिहून पाहायला माणसाला सांगितलं की तो काय लिहितो? स्वतःचं नाव. वकील असो, हमाल असो. जगाच्या पाठीवर लिहिण्यासारखं दुसरं काहीच नाही, असं. मला या गोष्टीची नेहमी चीड येत आली आहे. मी अ, आ, इ लिहायचं ठरवलं.

दुकान आता दुकान नव्हतं. त्याच बोळात, एका चपलांच्या दुकानाच्या पायरीला लागून एक टेबल, वर ताडपत्री, काचेच्या पेटीत पाच-पंचवीस पेनं. टेबलाशी काळा चष्मा डोक्यावर चढवलेली एक पंचविशीची मुलगी फोनवर बोलत होती आणि तिच्यामागे भिंतीला टेकून सत्तार बसला होता. मी त्याला ओळखलं कारण त्याचा अंगठा ओळखला. उजव्या अंगठ्याचं नख निळं. निब नखावर दाबून बघायची त्याची सवय, शाई त्यात मुरलेली, आयुष्यभराची.

"ऑनलाइनवालं का, काका?" मुलीने डबी पाहिल्याबरोबर विचारलं. "द्या. आजकाल रोज येतात. पहिले घेतात, मंग दादाजीले विचारतात."

"लुबना, माहा चष्मा दे," सत्तार म्हणाला.

त्याने भिंग घेतलं नाही. तराजू घेतला नाही. आकडा पाहिला नाही. नळी अंगठ्याने जोरात घासली, दहा-बारा वेळा, आणि नाकाशी नेली. मग माझ्या नाकाशी धरली. "सूंघ."

गंधकाचा वास होता. जळलेल्या काडेपेटीसारखा, आणि त्याखाली काहीतरी उबदार, रबरी. मी मागे सरकलो. पूल, सायकल, खिशात पेन लावून मी मान वाकवली होती. आता आठवलं कशासाठी वाकलो होतो. वास घेण्यासाठी. बाबांच्या छातीजवळ लहानपणी जो वास यायचा तो पेनाचा आहे की बाबांचा, हे पाहायला मी पुलावर थांबून वाकलो होतो. एवढी एक चांगली गोष्ट माझ्या हातून घडत होती, आणि तिच्यातच पेन पडलं.

"पिलास्टिकले असा वास येत नाई," सत्तार म्हणाला. "जुनं रबर हाये. बॉडी असली. आता निब." त्याने निब नखावर दाबलं, दोन्ही टोकं उघडली, मिटली. दौतीत बुडवलं. आणि वही पुढे सरकवली. "लिव."

मी अ लिहायला हात टेकवला. हाताने लिहिलं, प्रीतम देवमन इंगोले. पूर्ण. खाली रेघ मारून. कागदावर ती शाई ओली चमकत होती आणि मी तिच्याकडे असा पाहत होतो जसं रस्त्यात कोणीतरी माझ्या नावाने ओरडलं असावं.

सत्तारने वही आपल्याकडे फिरवली. नाव वाचायला त्याला बराच वेळ लागला, किंवा त्याने लावला.

"गुरुजीचा पोट्टा," तो म्हणाला. "टकला झाला. बैठ. गुरुजी कसे हायेत?"

"बरे आहेत."

"डोळे?"

"गेले."

"हं. लुबना, थ्या लोखंडी पेटीतली अठ्ठ्याऐंशीची वही काढ."

मी म्हटलं, मला गाडी आहे. तो म्हणाला, गाड्या लय हायेत. लुबनाने वही शोधली, फडक्याने झटकली. पानं पिवळी पडलेली, प्रत्येक पानावर नावं, नावं, नावं. अर्धं अकोला स्वतःचं नाव लिहून गेलेलं. सत्तारला पान शोधावं लागलं नाही, तिथे एक काडी घातलेली होती. प्रीतम देवमन इंगोले, १४ जून १९८८, कवीला शोभेल असं वळण देऊन. आडवी रेघ केसासारखी. उभी जाड.

"तुह्या बापाच्या निबीची रेघ," सत्तार म्हणाला. "अशी दुसरी निब अकोल्यात नोयती. असली पेन माह्या दुकानातून तुह्या हातात गेलं, हे तूच लिवून गेलता. गुरुजी तिसऱ्या दिवशी आले, थे टपरीवालं पेन घेऊन. लय तावात. म्या हे पान दाखवलं. थ्याईनं पाह्यलं. इथंच बसले, तू बसला थितं. मंग म्हने, सत्तार, पोरगं सोताहून सांगन. तवरोक मी घरात तुह्यं नाव घेतो. फक्त घरात. चालन? म्या म्हनलं, घ्या. मले वाटलं, आठ दिवसाची गोष्ट हाये."

बोळातून एक रिक्षा गेली, तिच्या धुराने ताडपत्री हलली. लुबना फोनकडे पाहत होती, म्हणजे ऐकत होती.

"पन थे घरातलं नाव बजारात कसं आलं," सत्तार म्हणाला, "थे मले समजलं नाई. गुरुजी तं तसे नोयते. शाळावाले बंद झाले, कालेजवाले बंद झाले. दुकान गेलं. म्या गुरुजीले कई नाई इचारलं." तो माझ्याकडे पाहत नव्हता. वहीवर ओघळलेली शाई टिपत होता. "तुले मालूम हाये का?"

इथे मला बोलायचं होतं. हे कोणालाही कळेल, त्या गिलावडा खाणाऱ्या बाईलाही कळलं असतं. मी तोंड उघडलं आणि माझ्या उत्तम, स्वच्छ, प्रमाण मराठीत विचारलं, "तपासणीचे किती झाले?"

लुबनाने मान वर केली. माझ्याकडे असं पाहिलं की मला ती नजर ओळखीची वाटली. रोज मी तशीच नजर घेऊन वर्गात जातो.

"याचे कायचे पैशे," सत्तार म्हणाला. "गुरुजीले सांगजो, पेन असली हाये. अन हेही सांगजो, थेही बराबर बोलले. असली हाये, पन थ्याईचं नाई."

परतीच्या गाडीत मी मनातल्या मनात सगळ्यांवर संतापलो. बाबांवर पहिल्यांदा. काय माणूस हा! जेवणाच्या ताटाशी बसून तीस वर्षं एक वाक्य म्हणायचं आणि पाहत राहायचं, मासा गळाला लागतो का. ही काय शिक्षणपद्धती? आणि तो सत्तार, कोणाच्या मुलाच्या सुधारणेसाठी आपलं नाव उसनं देणारा, मूर्खच. पान दाखवायचं होतं ना जगाला. आणि ती टपरी, ती जर्मन कंपनी, ते निब बनवणारे. मूर्तिजापूर गेलं. माझ्या यादीत कोणी उरलं नाही. मग खिडकीच्या काचेत एक टक्कल दिसलं आणि दोन कान, मधला चेहरा काळोखा, बाबांना दिसतो तसा.

घरी आलो तेव्हा बाबा जागेवर होते. कौशल्या सुपात भाजी निवडत होती. शिवमचा मेसेज होता, लास्ट डे टुमॉरो, पिकअप बुक करू का.

"काय म्हने सत्तार?"

"पेन खरं आहे."

"अन?"

कौशल्याने मान वर केली, आणि पहिल्यांदाच, आमच्या बत्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा, काही न विचारता भाजीचं सूप उचलून आत गेली. मी बोलायला गेलो. वर्गात करतो तशी नुसती खाकरणी आली. म्हणून मी बाबांसमोरचा पेपर ओढला, त्यांनी वाढदिवसाला आपलं नाव लिहिलं होतं त्याच्या खाली, आणि पेन घेतलं आणि लिहिलं. पेन माझ्या हातून पडलं. नदीत मी टाकलं. सत्तारचं नाव बाजारात मी नेलं. तीन ओळी. निब छान चालत होतं, ओलं, गुळगुळीत, त्याचा मला संताप आला. लिहून झाल्यावर हलकं वाटलं, आणि पेपर मी त्यांच्याकडे सरकवला. सरकवल्यावर लक्षात आलं मी काय केलं होतं. ज्याला वाचता येत नाही त्याला मी लिहून दिलं होतं.

बाबांनी कागदावरून हात फिरवला. बोटाला शाई लागली.

"लिवलं का?" ते म्हणाले. "मले कान दिसतात फक्त. वाच."

मी पेपर उचलला. पहिला शब्द काढला.

"मले नोको," बाबा म्हणाले. "मले मालूम हाये. सत्तारले वाचून दाखव. थ्याच्या दुकानात नाई सांगितलं ना? तुह्या पायांच्या आवाजावरून समजलं. फोन लाव."

डबीत लुबनाचं कार्ड होतं, तिने निघताना खोचलेलं, मला दिसलंही नव्हतं. मी नंबर लावला. कूलर घरघरत होता. बाबांनी हात पुढे करून बटण शोधलं आणि तो बंद केला. घरात एवढी शांतता झाली की रिंग पलीकडे कुठे वाजते तेही ऐकू यावं.

"हॅलो," लुबनाचा आवाज. "कोन बोलून राह्यले?"

मी माझं नाव सांगितलं. पूर्ण. "सत्तारचाचांना दे," मी म्हटलं, आणि पेपर डोळ्यांसमोर धरला.